बाराखडी तोंडपाठ, तरी वाचता येत नाही

प्रश्न असा आहे: "माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. मराठी शाळेत दुसरीत आहे, जूनमध्ये तिसरीत जाईल. बोलायला चुणचुणीत, तोंडी हिशेब पटकन करतो. क ते ज्ञ आणि बाराखडी तोंडपाठ आहे, पुस्तकातल्या कविता धडाधड म्हणतो. पण नवा धडा समोर ठेवला की एक ओळ वाचता येत नाही. बाई म्हणतात लक्ष नसतं. सासूबाई म्हणतात मोठा झाला की येईल. मी रोज दोन पानं बाराखडी लिहून घेते. तो रडतो, मग मलाही रडू येतं. नेमकं काय करू?"

ताई, आजपासून बाराखडी लिहून घेणं बंद करा. बाकीचं सांगतेच, पण हे आधी. त्या दोन पानांनी त्याला वाचन येणार नाही, आणि वाचन म्हणजे आईचं ओरडणं एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं होईल. मी २४ वर्षं वाचनात अडलेल्या मुलांबरोबर काम करते आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच करून घेत होते. एका तिसरीतल्या मुलीकडून महिनाभर बाराखड्या लिहून घेतल्या. अक्षर मोत्यासारखं झालं, वाचन होतं तिथंच राहिलं. तिचा तो महिना मी वाया घालवला, याची खंत मला अजून आहे.

बाराखडी पाठ असणं म्हणजे गाणं पाठ असणं. खात्री करून घ्यायची असेल तर एक करा. अक्षरांच्या चिठ्ठ्या कापा, पत्ते पिसतो तशा पिसा आणि एकेक समोर ठेवा. बरीच मुलं 'ढ' समोर आला की क्षणभर थांबतात, मग ओठातल्या ओठात 'ट, ठ, ड, ढ' म्हणत तिथवर येतात. म्हणजे त्यांनी ते अक्षर ओळखलेलं नाही, रांगेतला नंबर मोजलाय. कवितांचंही तसंच. म्हणत असताना मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून "हा कुठला?" विचारा. तो सुरुवातीपासून पुन्हा म्हणायला लागला, तर काय ते कळेल. यात त्याची लबाडी नाही. जे येत नाही ते स्मरणशक्तीच्या जोरावर निभावून नेतोय, म्हणजे डोकं चांगलं चालतंय.

आता मी रोज काय पाहते ते सांगते. दुसरीतलाच एक मुलगा. समोर शब्द होता 'पावसाळा'. त्यानं बोट ठेवलं आणि सुरू केलं: "प ला काना पा, व, स ला काना सा, ळ ला काना ळा." एकही चूक नाही. मी विचारलं, "मग शब्द काय झाला?" तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ळा."

मोजून बघा. ४ अक्षरांचा शब्द वाचायला त्याला १३ शब्द बोलावे लागले. तेराव्यापर्यंत पोचताना पहिला 'पा' हातातून निसटला होता. आपल्याकडे 'प ला काना पा' म्हणत वाचायची सवय शाळेतच लागते. बहुतेक मुलं ती कुबडी आपोआप टाकून देतात. काहींना टाकता येत नाही, कारण ऐकलेले आवाज क्रमानं मनात धरून ठेवायला त्यांना इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात. त्यांना आपणच ती टाकायला शिकवायची असते. मी त्या मुलाच्या शब्दाचा मागचा अर्धा भाग अंगठ्यानं झाकला. उरलं 'पाव'. ते त्यानं लगेच वाचलं, हसलासुद्धा. मग पुढचा भाग झाकला अन् मागचा उघडा केला: 'साळा'. अंगठा काढला. त्यानं दोन सेकंद ओठ हलवले आणि ओरडला, "पावसाळा!" तो दिवस मला अजून आठवतो, कारण त्यानंतर त्यानं तोच शब्द खोलीभर फिरून सगळ्यांना वाचून दाखवला.

मूल 'वाचत नाही' म्हणजे सगळीकडेच अडत नाही, एखाद्या ठरावीक जागी अडतं. ती जागा सापडली की निम्मं काम झालं. ती न शोधता "रोज एक तास वाच" म्हणणं म्हणजे दुखतंय गुडघ्यात आणि शेक देतोय पाठीला.

ही जागा शोधायला घरी अर्धा तास पुरतो. त्याला परीक्षा वाटू देऊ नका. आधी कान बघा, पुस्तक नकोच. "मी तुकडे सांगते, तू जोड: पा, ऊ, स." "कमळमधला क काढला तर काय उरतं?" "'मासा'सारखा आवाज असलेला दुसरा शब्द सांग." यात अडला तर अडचण अक्षरांच्या आधीची आहे, आवाजांची आहे. मग पिसलेल्या चिठ्ठ्या. मग काना-मात्रा नसलेले शब्द: घर, नळ, बदक. मग कान्याचे, वेलांटीचे, उकाराचे. मध्ये दोन-तीन खोटे शब्द घाला, 'लमक', 'नारमी' असे, आणि ती परग्रहावरच्या प्राण्यांची नावं आहेत म्हणून सांगा. खऱ्या शब्दात मुलं पहिलं अक्षर बघून अंदाज मारतात, खोट्या शब्दात अंदाज चालत नाही, त्यामुळे खरं चित्र दिसतं. शेवटी एक छोटी गोष्ट तुम्ही वाचून दाखवा आणि तिच्यावर प्रश्न विचारा. ऐकलेली गोष्ट नीट समजत असेल आणि वाचलेली समजत नसेल, तर अडचण अक्षरापासून शब्दापर्यंतच्या वाटेवर आहे. ऐकूनही समजत नसेल तर प्रश्न भाषेचा आहे, त्याची दिशा वेगळी. तुमच्या वर्णनावरून तुमचा मुलगा पहिल्या प्रकारातला वाटतो.

'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून याच शिडीवर मुलांचं वाचन बघत आली आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ५ पैकी ४ अक्षरं बरोबर आली तर अक्षराची पायरी आली असं धरतात, शब्दांचंही तसंच. तुम्हीही एवढंच सैल मोजा. एखादं चुकलं म्हणून पायरी नापास करू नका.

या तपासणीच्या आधी किंवा बरोबरीनं डोळे आणि कान डॉक्टरांना दाखवून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साचतं आणि महिनोन्महिने त्यांना आवाज दबके येतात. 'ब' आणि 'प', 'द' आणि 'ध' यांतला फरक नीट कानावरच पडला नाही तर तो डोळ्याला कुठून कळणार? चष्म्याचंही तेच. माझ्याकडे आलेल्या काही मुलांचं 'वाचन-संकट' चष्मा लागल्यावर निम्म्यानं कमी झालं. बाकीच्यांचं नाही झालं, पण एक शंका तर मिटली.

सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. पाच वर्षांच्या मुलाबद्दल त्या हे म्हणाल्या असत्या तर मी त्यांची बाजू घेतली असती. साडेसातला नाही घेणार. तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक हातात येतं; आतापर्यंत तो वाचायला शिकत होता, आता वाचून शिकायचं असतं. केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हा तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यायला हवं हेच उद्दिष्ट ठेवलं गेलं, ते याचसाठी. पण घाबरूनही जाऊ नका. आपल्या लिपीला वेळ लागतोच. इंग्रजीत अक्षरं २६. आपल्याकडे व्यंजनं आणि बाराखडीची रूपं मिळून चारशेच्या वर आकृत्या होतात, जोडाक्षरं वेगळीच. कन्नड लिपीही याच वळणाची. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेलं संशोधन २००७ साली प्रसिद्ध झालं. त्यात मुलांचं अक्षरज्ञान चौथीपर्यंत भरत राहतं असं दिसलं. उलट बाजूनं आपली लिपी प्रामाणिक आहे. जे लिहिलंय तेच जवळजवळ उच्चारायचं. त्यामुळे अडलेलं मराठी मूल इंग्रजी मुलाइतकं चुकीचं वाचत नाही, ते फार हळू वाचतं. म्हणूनच शाळेत ते नजरेतून सुटतं. "येतं त्याला, जरा हळू आहे," असं म्हणून तीन-तीन वर्षं जातात.

आता कामाला लागू. रोज १५ मिनिटं, शक्यतो रोज त्याच वेळी, जेवणाआधी. तासभर नको; शनिवारी तासभर आणि आठवडाभर काही नाही, हे तर नकोच.

पहिली तीन मिनिटं कानाची. वर दिलेले खेळच, भाकरी थापता थापताही होतात. अंगणात चार चौकोन आखा, शब्द म्हणत एकेका चौकोनात चिंचोका टाकायचा: पा-व-सा-ळा. मग विचारा, तिसऱ्या चौकोनात कोण बसलंय? 'सा'. तिथला काना पुसला तर? 'स'. अक्षर आणि त्याचा काना हे दोन वेगवेगळे आवाज आहेत हे इथं हाताला कळतं, आणि आपल्या लिपीत सगळं त्याच्यावर उभं आहे.

पुढची सात मिनिटं अक्षरांची. क, ख, ग, घ, ङ या क्रमानं जाऊ नका. आपली वर्णमाला तोंडातल्या जागांप्रमाणे रचलेली आहे, फार सुंदर रचना आहे, पण अडलेल्या मुलासाठी ती गैरसोयीची, कारण सारखे आवाज एकमेकांना खेटून बसतात आणि 'ङ', 'ञ' ही कधी न भेटणारी अक्षरं उगीच आधी येतात. त्याऐवजी पाच-सहा अक्षरांचा एक गट घ्या आणि पहिल्या दिवसापासून एक स्वरचिन्ह सोबत द्या. क, म, न, र, ल आणि काना. एवढ्यात किती शब्द होतात बघा: काका, मामा, नाना, काम, कान, नाक, मान, मका, मला, रान, लाल, माल, कमाल, नकार, मामाला, रानाला. "कमल, नमन कर" हे वाक्य तर सासूबाईंनाही ओळखीचं वाटेल. पुढच्या आठवड्यात दुसरी वेलांटी द्या: "मामी, मी काम करीन." हे पूर्ण वाक्य आहे, त्याचा अर्थ लागतो, आणि ते त्यानं स्वतः वाचलेलं असतं. पाठ केलेल्या कवितेतून ही चव त्याला कधी मिळाली नव्हती. अक्षरांचे असे छोटे गट करून लगेच शब्दात उतरायची वाट मराठीत फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी आणि पुढं पालघरच्या वाडा तालुक्यात काम करणाऱ्या 'क्वेस्ट' या संस्थेनं रुळवली. मीही त्यांच्याच वाटेनं चालते.

या सात मिनिटांत दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, 'क ला काना का' म्हणू द्यायचं नाही. 'का' हे एका दमात, एका नजरेत. चिठ्ठीवरही 'क' आणि काना वेगळे नकोत, 'का' असंच लिहा आणि 'क'च्या शेजारी ठेवा. दुसरी, अक्षरं तोडून वाचताना आपण प्रत्येकाच्या शेवटी 'अ' ओढतो. क… म… ळ… असं ऐकून मुलाला 'कमळ' दिसत नाही, कारण बोलताना आपण शेवटचा 'अ' गिळतो. 'करवत' तर आपण 'कर्-वत्' असं म्हणतो. म्हणून तोडून नाही, ओढून वाचायला शिकवा: कऽमऽळ्, श्वास न तोडता. मोठ्या शब्दाला अंगठा किंवा कागदाची पट्टी लावून दोन भाग करा. हे त्याला स्वतःला करता यायला लागलं की त्याच्या हातात अवजार आलं.

दिसायला सारखी अक्षरं एकत्र शिकवू नका. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष, आणि ट-ठ-ढ-द ही सगळी टोळी. आपल्याला वाटतं शेजारी ठेवून फरक दाखवावा. अडलेल्या मुलाचा त्यानं गोंधळ पक्का होतो. एक आधी पक्कं, मग दोन-तीन आठवड्यांनी दुसरं. ताटलीत रवा पसरून बोटानं अक्षर काढणं चांगलं, मात्र काढताना तोंडानं त्याचा आवाज हवा. मुक्यानं शंभर वेळा गिरवलं तर ते नक्षीकाम होतं. आणखी एक बारीक गोष्ट: पाठ्यपुस्तकात पाकळीचा 'ल' असतो आणि मोबाइलवर बऱ्याचदा दंडाचा. मुलं चक्रावतात. चिठ्ठ्यांवर पुस्तकातलाच काढा.

मराठीतले काही गुंते शिकवणाऱ्याला ठाऊक हवेत, नाहीतर मुलावर उगीच राग निघतो. पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते, जिभेला ती नंतर म्हणायची असते. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसून त्या अक्षराच्या आधी वाचायचा असतो, म्हणून 'सर्प'चं 'सप्र' होतं. 'चाक' आणि 'चार' यांत 'चा' एकच, आवाज दोन. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहायला एक, बोलायला दोन. मूल इथं अडलं की सरळ सांगून टाका, "इथं हा असा म्हणतात." ह्रस्व-दीर्घाचा प्रश्न मी वाचनात दोन वर्षं काढतच नाही. 'किती'ला 'कीती' वाचलं तरी त्याला अर्थ लागला ना, पुढे चला. शुद्धलेखन हा वेगळा डोंगर आहे, तो आज चढायचा नाही.

घरी 'पानी' बोलणारं मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' वाचतं, 'विहीर' दिसली तरी 'हीर' म्हणतं. हे वाचन चुकलेलं नाही. त्यानं छापलेलं ओळखलं, अर्थ लावला आणि स्वतःच्या भाषेत सांगितलं. वाचनाचं यापेक्षा चांगलं लक्षण कुठलं? त्याला तिथं टोकणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. घरात वारली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाची तर अर्धी शक्ती भाषा ओलांडण्यातच जाते, त्याच्याशी आधी भरपूर बोलायचं, मग अक्षर.

जोडाक्षरं शेवटी शिकवायची असा रिवाज आहे. पण 'माझ्या', 'त्याच्या', 'आम्ही', 'म्हणाला', 'नव्हता' यांच्याशिवाय मराठीत एक गोष्ट पुढे सरकत नाही. असे वीसेक शब्द चिठ्ठ्यांवर लिहून चित्रासारखे ओळखायला शिकवा, दर आठवड्याला तीन. बाकीची जोडाक्षरं सावकाश येतील.

उरलेली पाच मिनिटं पुस्तक. दोन प्रकारचं वाचन हवं, त्यांची गल्लत करू नका. एक त्याच्या पायरीचं. ४०-५० शब्दांचा मजकूर घ्या, ज्यातले बहुतेक शब्द त्याला येतात. पहिल्या दिवशी तुम्ही बोट फिरवत वाचा. दुसऱ्या दिवशी दोघं एका आवाजात. तो सुरात आला की तुमचा आवाज हळूहळू खाली घ्या. अडला की पुन्हा वर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो एकटा. तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे पाठांतर नव्हे का, असं आया विचारतात. नजर शब्दावरून सरकत असेल तर नव्हे. त्यानं वेग येतो, आणि वेग आल्याशिवाय अर्थाकडे लक्ष द्यायला डोकं मोकळं होत नाही. अडला तर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. मग शांतपणे शब्द सांगून टाका. "नीट बघ", "काल आला होता ना!" ही दोन वाक्यं घरातून हद्दपार करा. काल आलेला शब्द आज न येणं हाच तर त्याचा त्रास आहे.

दुसरं वाचन त्याच्या कानासाठी. रात्री झोपताना तुम्ही वाचायचं, त्यानं ऐकायचं, आणि हे पुस्तक त्याच्या वयाचं, त्याच्या बुद्धीचं हवं. वाचता येत नाही म्हणून त्याला बाळबोध पुस्तकांत अडकवून ठेवलं तर त्याचे शब्द वाढायचे थांबतात, आणि दोन वर्षांनी अक्षरं येऊनही धडा कळत नाही. यात प्रश्न विचारू नका, बोट ठेवायला लावू नका. पुस्तकांवर खर्च करणं शक्य नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या. शाळेच्या कपाटात बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक असतात, ते मागा. घरात वाचणारं कुणी नसेल तर सासूबाईंच्या गोष्टी आहेतच. त्यांनी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी त्यानं तुम्हाला तीन ओळींत सांगायची, तुम्ही ती मोठ्या अक्षरात लिहायची आणि तीच त्याचं पुस्तक. अडलेली मुलं स्वतःचे शब्द कागदावर आले की ज्या ओढीनं वाचतात, ती छापील पुस्तकासमोर मी क्वचित पाहिली आहे.

शाळेत जा, बाईंना भेटा, पण तक्रार घेऊन नको. "आम्ही घरी एवढं करतोय, तुम्ही फक्त त्याला अचानक उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका," एवढंच मागा. वाचायचा उतारा आदल्या दिवशी कळवला तर तो तयारी करून येईल आणि वर्गात त्याचा आवाज निघेल. वर्गात एकदा हसं झालं की मुलं पोटात दुखायला लागलं म्हणून घरी थांबतात, आणि ते दुखणं खोटं नसतं. बाईंच्या वर्गात ४० मुलं असतील, त्यांनाही मदत लागते. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांना बोलावता येतं. फार थोड्या पालकांना हे माहीत असतं.

हे तीन-चार महिने खरोखर रोज केलं आणि तरी काल पक्कं झालेलं अक्षर आज नवंच वाटत राहिलं, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. बोलायला उशिरा लागला असेल, वारांचा क्रम अजून चुकत असेल, वडील किंवा मामा-काका यांपैकी कुणाला लहानपणी हाच त्रास असेल, तर तेवढंही थांबू नका. ही वाचन-अक्षमता, ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात, घराण्यात चालत येते. तिचा बुद्धीशी संबंध नाही, आळसाशी नाही आणि तुमच्या संगोपनाशीही नाही. तपासणीत मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक बघतात, विशेष शिक्षक वाचन-लेखन-गणित बघतात. चाचणी तो ज्या भाषेत शिकतो त्याच भाषेत व्हावी असा आग्रह धरा. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा देऊन काढलेला निष्कर्ष मी मानत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे. प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी सहसा देत नाहीत, आणि त्यावर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पुष्कळ घरं 'शिक्का बसेल' म्हणून प्रमाणपत्र घेत नाहीत. शिक्का तर 'ढ' म्हणून आधीच बसलेला असतो, ताई. निदान झालं की तो निघतो.

आणि पैसे कुठे घालू नका तेही सांगते. बुद्धिवर्धक सिरप, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मेंदूविकासाचे वर्ग, रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र निवेदन काढून स्पष्ट सांगितलं की डोळ्यांच्या व्यायामांनी किंवा रंगीत भिंगांनी वाचन-अक्षमता सुधारते याला पुरावा नाही. माझ्याकडे अशा वर्गांना हजारो रुपये भरून आलेल्या आया बसल्या आहेत. त्यातल्या एकीनं गळ्यातलं मोडलं होतं. घरच्या चिठ्ठ्या, रव्याची ताटली आणि रोजची १५ मिनिटं यांच्यापेक्षा त्या वर्गांनी त्या मुलाला काहीही जास्त दिलं नव्हतं.

वडिलांना एक निरोप द्या. ते चिडतात असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत चिडतात, आणि बऱ्याचदा लहानपणी तेही असेच अडलेले असतात. त्यांनी मुलाला जवळ बसवून "मलाही हे जड गेलं होतं" एवढं सांगितलं तर माझ्या दहा तासांइतकं काम होतं. मुलाचं जे चांगलं आहे, ते तोंडी हिशेब, ते चुणचुणीत बोलणं, त्याला रोज वाव द्या. किराणा दुकानात हिशेब त्यालाच करू द्या. वाचनाच्या शिक्षेपायी त्याचं खेळणं बंद करू नका.

उद्या सकाळी पाच अक्षरांच्या चिठ्ठ्या करा, साध्या आणि काना लावलेल्या. एक वही ठेवा, तिच्यात रोज तारीख टाकून दोनच गोष्टी लिहा: आज कुठला शब्द स्वतः वाचला आणि कुठं अडला. दीड महिन्यानं त्या वहीतलं मला कळवा. 'अजून नीट वाचत नाही' असं नको. 'दुसरी वेलांटी आली, उकारात गडबडतो, ब आणि व उलटे करतो' असं लिहा. मग पुढचा गट कुठला घ्यायचा ते मी सांगते.